पट्टी उघडायला लागणारा वेळ

कारागीर माणसांना कंबरेवरून ओळखायचा. नावं त्याच्या डोक्यात टिकत नसत. पण कुणाचा पट्टा कितव्या भोकात बसतो, कोण शिट्टी डावीकडे अडकवतो, कुणाचं पोट गेल्या हिवाळ्यापासून सुटलंय, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. शहरातले निम्मे गार्ड त्याच्याकडूनच सामान शिवून घेत. पट्टे, टॉर्चची घरं, काठी अडकवायच्या कड्या आणि पिस्तूल ठेवायची होल्स्टरं.

दुकान एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली होतं, आणि इतकं अरुंद की गिऱ्हाइकाला आत घ्यायचं तर कारागिराला आधी उठून भिंतीला चिकटावं लागे. वरच्या मजल्यावर त्याची खोली. लग्न केलं नव्हतं. करायचं राहून गेलं म्हणा. आई होती तोवर संध्याकाळी वर गेल्यावर "आलास का?" असं कुणीतरी विचारायचं. तिला जाऊन चार वर्षं झाली होती. तेव्हापासून शटर खाली ओढलं की दुसऱ्या दिवशी ते वर करेपर्यंत त्याच्या तोंडून शब्द निघत नसे. सकाळी पहिल्या गिऱ्हाइकाशी बोलताना आवाज फाटायचा, म्हणून तो दुकान उघडल्यावर आधी दोनदा खाकरून घ्यायचा.

गिऱ्हाइकांमध्ये एक गार्ड होता, कंबर तेहतीस, उजव्या हाताचा. कारागीर त्याला मनातल्या मनात 'हसरा' म्हणायचा. शहराच्या कडेला मालाची मोठी गोदामं होती, त्यातल्या एकाच्या गेटवर तो दिवसपाळीला असे. काम असो नसो, महिन्यातून एकदा दुकानात डोकवायचा, कारागिराला 'उस्ताद' म्हणायचा आणि काहीतरी सांगून हसायचा. बहुतेकदा आधी हसायचा आणि मग सांगायचा.

असाच तो एका मंगळवारी दुपारी आला. पट्ट्यावरून होल्स्टर काढून त्याने पाटावर ठेवलं. तीन वर्षांपूर्वी कारागिरानेच शिवलेलं होतं ते. पिस्तुलावरून आडवी जाणारी पट्टी आणि तिचं टिचबटण, एवढंच दुखणं होतं.

"उस्ताद, बटण पार ढिलं झालंय. फुंकर मारली तरी उघडतं. असं करून द्या की माझ्याशिवाय कुणाला उघडताच येऊ नये."

कारागिराने जुनी पट्टी उसवून दुहेरी चामड्याची नवी शिवली आणि कडक स्प्रिंगचं बटण ठोकलं. हसऱ्याने ती लावून पाहिली. अंगठ्याने उघडायला गेला, तर पहिल्यांदा अंगठा घसरला. दुसऱ्यांदाही घसरला. तिसऱ्यांदा बटण टक्कन उघडलं.

"अहो उस्ताद, अंगठा मोडेल माझा!"

"आठ-दहा दिवसांत पडेल मऊ. चामडं आहे ते, सासू नाही."

यावर हसरा असा काही हसला की जिन्यावरून उतरणारी एक बाई खाली वाकून बघायला लागली. तो गेला. कारागिराने डबा उघडला.

अशी ताठ पट्टी गिऱ्हाइकाच्या हातात द्यायच्या आधी तिला तेल लावून लाकडी हातोडीने दहा मिनिटं ठोकायची, हा त्याचा रोजचा शिरस्ता. त्या दिवशी त्याने ते केलं नव्हतं. दीड वाजून गेला होता आणि पोटात कावळे ओरडत होते.

त्यानंतर अकराव्या दिवशी दुसरा एक गार्ड पट्टा मोठा करून घ्यायला आला आणि उभ्या उभ्या म्हणाला, "तुमचा तो हसतमुख गेला की. ऐकलं नाही का?"

"कुठे गेला?"

"वारला. गेटवर. सकाळी अकरा वाजता, चांगल्या उजेडात. एक पोरगा तीन दिवस खेटे घालत होता, कामावर परत घ्या म्हणून. चौथ्या दिवशी आला तो गुंडाळलेल्या वर्तमानपत्रात सुरा घेऊन." गार्डने पट्टा पाटावर ठेवला. "पिस्तूल होतं तसंच राहिलं बघा. पट्टीचं बटणसुद्धा उघडलेलं नव्हतं. ऑफिसातले म्हणतात, घाबरला. हातच लावला नाही त्याने."

कारागीर मान खाली घालून शिवत राहिला. गार्ड निघून गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की खुणेच्या पुढे चार बोटं टाके जास्त पडले होते. ते उसवायला त्याने आरी उचलली, आणि तशीच हातात धरून तो संध्याकाळपर्यंत बसून राहिला.

बटण उघडलेलं नव्हतं, हे वाक्य त्याच्या डोक्यातून हलेना. लोक म्हणत होते घाबरला. एकट्या कारागिरालाच ठाऊक होतं, की त्या बटणावरून हसऱ्याचा अंगठा दोनदा घसरला होता.

त्याने हुबेहूब तसंच दुसरं होल्स्टर शिवलं. तीच जाडी, तीच दुहेरी पट्टी, तसलंच बटण. ओलं चामडं आकारात बसवायला त्याच्याकडे लाकडी पिस्तुलं होती, साचे म्हणून वापरायची. त्यातलं एक आत ठेवलं. वर खोलीत जाऊन तो कंबरेला ते बांधायचा आणि कपाटाच्या आरशासमोर उभा राहायचा. हात मोकळा सोडायचा आणि मग एकदम होल्स्टरवर न्यायचा. अंगठा, बटण, मूठ, बाहेर. कधी दोन आकडे मोजून व्हायचे, कधी तीन. अंगठा घसरला तर चार. मग पट्टी मोकळी सोडून बघायचा. दीड. आठवडाभरात अंगठा सुजून टम्म झाला आणि आरी धरता येईना. आरशात एक पोट सुटलेला, पाठीत वाकलेला चोपन्न वर्षांचा माणूस लाकडाचं पिस्तूल रोखून उभा दिसायचा. कुणी बघितलं असतं तर काय म्हटलं असतं? पण बघणार कोण?

शेवटी त्याने एक दिवस दुकान बंद ठेवलं आणि गोदामाच्या गेटवर गेला.

तिथे दुसऱ्या गेटचा म्हातारा गार्ड होता, कंबर अडतीस. त्या दिवशी काठी घेऊन धावत आलेला हाच. त्याला बघताच सुरेवाल्या पोराने सुरा टाकला होता आणि खाली बसकण मारून रडायला लागला होता.

"इथे स्टूल होतं," म्हाताऱ्याने जागा दाखवली. "तो उठून उभा राहिला होता. पोरगा तिथे, त्या खांबापाशी उभा राहून बोलत होता. आवाज चढवूनसुद्धा नाही. मग आलाच."

कारागीर खांबापासून स्टुलाच्या जागेपर्यंत चालत आला. साडेसहा पावलं. पुन्हा चालला. सातला थोडं कमी.

"सुरा कधी काढला त्याने? खांबापाशी, का अलीकडे येऊन?"

"ते कसं सांगू? तेवढ्यात मी पाठमोरा झालो होतो. ओरडल्याचा आवाज आला तेव्हा वळलो." म्हाताऱ्याने त्याच्याकडे निरखून बघितलं. "तुम्ही त्याचे कोण?"

"कुणी नाही. पट्टे शिवतो मी."

सात पावलं. हा आकडा घेऊन तो मास्तरांकडे गेला. मास्तर म्हणजे गार्ड लोकांना नेमबाजी शिकवणारे, आवाजाने तोफ आणि अंगाने काडी. त्यांच्या मैदानासाठी कारागीर वीस वर्षं होल्स्टरं पुरवत आला होता. मैदानाच्या टोकाला मातीचा उंच बांध, त्याला टेकवलेली पुठ्ठ्याची माणसं, आणि बाजूला पत्र्याची शेड. कारागिराने आणलेलं होल्स्टर पुढे ठेवलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. भुकेचं तेवढं सांगितलं नाही.

मास्तरांनी बटण दोन-तीनदा उघडून पाहिलं. "ताठ आहे," ते म्हणाले.

"हो."

"चल, उठ. विचारून काय कळणार?"

त्यांनी ते होल्स्टर आपल्या पट्ट्यावर चढवलं, आत रिकामं पिस्तूल ठेवलं, दोघा शिकाऊ गार्डांना दाखवून खात्री करून घेतली आणि कारागिराच्या हातात एक रबरी सुरी दिली. सुरीच्या धारेला पांढरा खडू फासलेला होता.

"सात पावलं मोज. वळ. वाटेल तेव्हा पळत ये आणि ही माझ्या पोटाला लाव."

"मी?"

"मग काय मी? माझ्या पायाला लोखंड घातलंय डॉक्टरांनी."

कारागीर तीस वर्षांत पळाला नव्हता. बससाठीसुद्धा नाही, एक गेली तर दुसरी येते, असं त्याचं होतं. तो सात पावलांवर जाऊन उभा राहिला. मास्तर हात सोडून त्याच्याकडे बघत होते. शिकाऊ पोरं हसू दाबत होती. त्याने डोळे मिटल्यासारखे केले आणि सुटला. चपला फटफटल्या, पोट हिंदकळलं, आणि पुढच्याच क्षणी तो मास्तरांच्या अंगावर आदळला होता. मास्तरांचा अंगठा अजून बटणावरच होता. त्यांच्या सदऱ्यावर बेंबीच्या वर पांढरी रेघ उमटली होती.

पोरांचं हसू थांबलं.

"आता पट्टी मोकळी," मास्तर म्हणाले.

या खेपेला पिस्तूल बाहेर आलं. कारागीर पोहोचला आणि पोटाशी खट्‌ असा आवाज झाला. पण त्याच वेळी पहिल्या रेघेशेजारी दुसरी रेघ उमटली होती.

"गोळी लागली मला," कारागीर धापा टाकत म्हणाला.

"लागली. आणि तू थांबलास का? गोळी लागली म्हणून माणूस खांबासारखा उभा राहत नाही, दोन-चार घाव घालून मग पडतो. शिवाय तू चोपन्नचा, वर ही ढेरी. तो पोरगा कितीचा होता?"

"पंचवीसचा असेल."

"आणि तू पळत येणार हे मला माहीत होतं. त्याच कामाला उभा आहे मी इथे. त्याला माहीत होतं का?" मास्तरांनी सदरा झटकला, खडू काही गेला नाही. "सात पावलांवर पिस्तूल होल्स्टरात असलं तर ते नसल्यासारखंच धर. मी यांना रोज ओरडून सांगतो, आधी बाजूला हो, काहीतरी आडवं घे, मग पिस्तूल."

"आणि दहा-बारा पावलं असती तर? सुरा त्याला लांबूनच दिसला असता, आणि पट्टी मऊ असती, तर?"

मास्तरांनी होल्स्टर पट्ट्यावरून उतरवून त्याच्या हातात दिलं. मग आवाज उतरवून म्हणाले, "तर कदाचित. हे बघ, तुला बरं वाटावं म्हणून मी खोटं सांगणार नाही. कदाचित."

त्या 'कदाचित'ने कारागिराला आणखी नऊ दिवस छळलं. पोट भरून जेवला नाही. एकदा तर दुपारी कुणी गिऱ्हाईक नसताना तो मोठ्याने म्हणाला, "भूक लागली होती रे मला." स्वतःचाच आवाज ऐकून तो दचकला. दहाव्या दिवशी त्याने होल्स्टर, लाकडी पिस्तूल आणि मास्तरांनी सात पावलांचा हिशेब लिहून दिलेला कागद पिशवीत घातला आणि म्हाताऱ्या गार्डकडून पत्ता घेऊन हसऱ्याच्या घरी गेला.

दार हसऱ्याच्या बायकोने उघडलं. पस्तिशीची, उंच, हातांवर जुन्या भाजल्याच्या बारीक खुणा. ती एका हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात इस्त्रीच्या कामाला होती. घर म्हणजे एक लांबट खोली. एका टोकाला खिडकी, दुसऱ्या टोकाला दार. दारामागे खुंटीला गार्डचा गणवेश टांगलेला होता, कडक इस्त्री केलेला.

"मी... होल्स्टर शिवतो," कारागीर म्हणाला. खाकरायचं राहून गेल्यामुळे आवाज फाटला.

"अगं बाई, उस्ताद का तुम्ही?" ती दारातून बाजूला झाली. "या ना. तुमच्याकडे जाऊन आले की सांगायचे आम्हाला. उस्ताद असं म्हणाला, उस्ताद तसं म्हणाला. सासूचं पण सांगितलं होतं. पोट धरून हसत होते."

कारागीर खुर्चीच्या कडेवर बसला. आपण कुणाच्या घरी जेवताना बोलण्यात येत असू, हे त्याच्या कधी स्वप्नातसुद्धा आलं नव्हतं. त्यामुळे बोलायचं ते आणखीच जड झालं. पण तो बोलला. पट्टी, बटण, दोनदा घसरलेला अंगठा. आणि मास्तरांना सांगितलं नव्हतं तेही.

"दहा मिनिटं ठोकली असती तर मऊ झाली असती. मी जेवायला बसलो. ताई, मला भूक लागली होती."

ती ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिने उठून दार नीट लावून घेतलं, जणू कुणी चोरून ऐकणार होतं.

"पट्टी मी करायला लावली," ती म्हणाली.

कारागिराला कळलं नाही.

"आमची छोटी आहे ना, सहा वर्षांची. आता शाळेत गेलीय. तिचे बाबा पाळीवरून आले की पट्ट्यासकट आडवे व्हायचे, दहा मिनिटं डोळा लागला की मग उठून पिस्तूल कपाटात कुलपात ठेवायचे. त्या दिवशी मी वळून बघते तर हिने बटण उघडलंय आणि मुठीला हात घातलाय. माझा जीव नुसता वर-खाली झाला. मी नको नको ते बोलले त्यांना. म्हटलं, उद्याच्या उद्या असं बटण करून आणा की कुणाला उघडता येणार नाही." तिने खुंटीवरच्या गणवेशाकडे बघितलं. "दुसऱ्याच दिवशी तुमच्याकडे आले. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या भावालासुद्धा नाही."

वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवत होतं. कारागिराने पिशवीतून कागद काढला आणि सात पावलांचं, मास्तरांचं, खडूच्या रेघांचं सगळं सांगितलं. 'कदाचित'सुद्धा सांगितलं. ती खाली बघत होती. मग म्हणाली, "दाखवा मला."

"काय?"

"मी त्यांच्या जागी उभी राहते. तुम्ही या."

तो नको नको म्हणत होता, पण तिने टेबल बाहेर गॅलरीत काढलंसुद्धा. होल्स्टरचा पट्टा तिच्या कंबरेला मोठा झाला, तेव्हा त्याने सवयीने दोन बोटं आत घालून बघितलं आणि कुठे भोक पाडावं लागेल ते मनात धरलं. मग कागदाची घडी घालून पट्ट्याखाली सारली आणि पट्टा घट्ट केला. ती खिडकीपाशी उभी राहिली. तो दारापाशी. मध्ये सहा पावलं झाली, त्याहून जास्त खोली नव्हती. सुरी म्हणून तिने त्याला कंगवा दिला.

पहिल्या खेपेला तो पळत आला तेव्हा ती नुसती बाजूला सरकली.

"असं नको," ती म्हणाली. "मला आधी कळतंय. तो पोरगा बोलत होता ना त्यांच्याशी? तसं बोलत बोलत या. मला विचारायचं ते मी विचारते."

तो पुन्हा दारापाशी गेला.

"हे काम कुणी शिकवलं तुम्हाला?"

"एका शेजाऱ्याने. शाळा सुटल्यावर जाऊन बसायचो. आधी दोन वर्षं नुसतं दोऱ्याला मेण लावायला..."

आणि वाक्य अर्धवट टाकून तो सुटला.

तिच्या तोंडून बारीक किंकाळी निघाली. कंगवा तिच्या उजव्या तळहातावर आपटला. दोन्ही हात तिने छातीपुढे धरले होते, तळवे बाहेर करून, बोटं फाकवून. होल्स्टर होतं तिथे होतं. पट्टी लावलेली.

ती आपल्या हातांकडे बघत राहिली.

"परत," ती म्हणाली.

परत केलं. या खेपेला हात खाली न्यायचाच, असं ती स्वतःशी पुटपुटली. तरी हात वर आले. चौथ्या खेपेला उजवा हात कंबरेच्या दिशेने जरासा हलला आणि अर्ध्यावरून परत फिरला.

"त्यांचे तळहात कापलेले होते," ती म्हणाली. "दोन्ही. मी बघितले ना हॉस्पिटलात. आडवे, खोल. तेव्हापासून मनात येत होतं, हे असे कसे कापले, आणि पिस्तुलाला हात का नाही घातला? ऑफिसने तर लिहूनच ठेवलंय. घाबरल्यामुळे शस्त्र काढलं नाही." तिने तळवे पुन्हा छातीपुढे धरून पाहिले. "हात आपोआप येतात हो. कुणी विचारत नाही त्यांना."

कारागीर सावकाश म्हणाला, "म्हणजे पट्टीपर्यंत हात गेलाच नाही."

"गेलाच नाही."

"ताठ असो की मऊ असो."

"असो की नसो," ती म्हणाली, आणि पट्ट्यासकट खिडकीखाली जमिनीवर बसली. मग तिला रडू फुटलं. मोठ्याने, हुंदके देत. कारागिराला काय करावं सुचेना. पाणी द्यावं म्हणून तो फडताळाकडे गेला, तर पेला सापडेना. शेवटी त्याने छोटीची रंगीत बाटली भरून आणली आणि तिच्याजवळ ठेवली. आणि तीन पावलं लांब, भिंतीला टेकून तोही जमिनीवर बसला. त्याचे गुडघे ठणकत होते. शाळेतून छोटीला आणायची वेळ होईपर्यंत दोघं तशीच बसली होती.

त्यानंतर ती दोघं हसऱ्याच्या कंपनीच्या ऑफिसात गेली. एकदा नाही, तीनदा. पहिल्यांदा साहेब भेटले नाहीत. दुसऱ्यांदा भेटले आणि म्हणाले, झालेला अहवाल बदलता येत नसतो. तिसऱ्यांदा तिने मास्तरांचा कागद आणि हॉस्पिटलचा कागद शेजारी शेजारी ठेवला.

"हे कोण?" साहेबांनी कारागिराकडे बोट दाखवलं. "तज्ज्ञ वगैरे आहेत का?"

"मी पट्टे शिवतो," कारागीर म्हणाला. मग आयुष्यात पहिल्यांदाच तो एका दमात पाच मिनिटं बोलला. अंगठा कुठे लागतो, बटणाला किती वेळ जातो, चोपन्न वर्षांचा ढेरपोट्या माणूस सात पावलं किती वेळात तोडतो. हॉस्पिटलच्या कागदात तळहातांचं काय लिहिलंय ते त्याने बोट ठेवून दाखवलं. "साहेब, घाबरलेला माणूस पळतो. हा जागेवर उभा होता. दोन्ही हातांनी त्याने सुरा धरायला बघितला. म्हाताऱ्या गार्डला यायला वेळ मिळाला तो त्यामुळेच. तुम्ही उभे राहता का? मी इथूनच पळत येऊन दाखवतो."

साहेब काही उभे राहिले नाहीत. पण त्यांनी फाइल मागवली, चष्मा लावला, ते पान काढलं. बराच वेळ वाचलं. मग पेनने 'घाबरल्यामुळे' या शब्दावर आडवी रेघ मारून वर 'वेळ न मिळाल्यामुळे' असं लिहिलं आणि बाजूला सही केली. तिने पान आपल्याकडे वळवून घेऊन दोनदा वाचलं.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "छोटीला मोठी झाल्यावर दाखवता येईल."

शाळेला सुट्टी लागल्यावर तिने हे शहर सोडायचं ठरवलं. तिचा भाऊ दुसऱ्या शहरात होता, तिथल्या हॉस्पिटलात कामही मिळत होतं. निघायच्या सकाळी कारागीर स्टँडवर गेला. दोन बॅगा त्याने टपावर चढवून बांधल्या. गाठ मारण्यात त्याचा हात कोण धरणार? छोटी आईचा हात धरून त्याच्याकडे टकामका बघत होती.

"आई, हे कोण?"

हसऱ्याची बायको अडखळली. उस्ताद म्हणावं की काय म्हणावं, असं तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

"मामा आहेत," ती म्हणाली. "मामाला टाटा कर."

छोटीने हात हलवला. गाडी मागे-पुढे करत फलाटावरून निघाली, वळणावर थोडी अडकली आणि मग दिसेनाशी झाली. खिडकीतून शेवटपर्यंत एक छोटा हात दिसत होता. तो तिचाच होता की दुसऱ्या कुठल्या मुलाचा, हे कारागिराला नीट कळलं नाही. तरी त्याने हात हलवला.

बाजूच्या बाकावर एक टोपीवाले गृहस्थ पिशव्या सांभाळत बसले होते. "बहीण का?" त्यांनी विचारलं.

"हो," कारागीर म्हणाला.

"येतील हो परत. सुट्टीत येतातच."

कारागीर त्यांच्या शेजारी बसला. दुकान उघडायची वेळ कधीच होऊन गेली होती. एक गार्ड पट्टा न्यायला यायचा होता, तो बंद शटर बघून परत गेला असेल. त्याच शहराला जाणारी पुढची गाडी लागली, भरली, सुटली. टोपीवाले गृहस्थ तिच्यात चढले, आणि खिडकीतून त्यांनी विचारलं, "तुम्हाला नाही का यायचं?"

"नाही. मी असाच बसलोय," कारागीर म्हणाला, आणि ती गाडी दिसेनाशी झाल्यावरही तो बसून राहिला.